कुरकुर न करण्याचा करार

२०११ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. त्या वर्षी माझी नणंद ओत्ताविया आणि तिचा नवरा जेरोलामो यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, आणि त्याच वर्षी जानेवारीत डॉक्टरांनी ओत्तावियाला सांगितलं, तुला सेलियाक आहे, आजपासून गहू बंद.

ही बातमी मला माझ्या मुलीने, लोरेदानाने, फोनवर दिली. मी फोन ठेवला, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि हसले. पोट दुखेपर्यंत हसले. आज मी एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

कारण हेच दुखणं मला १९७८ पासून होतं. गव्हाचा एक कण पोटात गेला की आतडं पेटतं. आता आमच्या जेनोव्हा शहरात कुठल्याही दुकानात बिनगव्हाची बिस्किटं मिळतात, तेव्हा औषधाच्या दुकानात पुठ्ठ्यासारखा पाव मिळायचा तेवढाच. आणि तेव्हा ओत्ताविया माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन म्हणायची, "आमच्या दारियोने शोधून शोधून राजकन्या आणली. पाव चालत नाही हिला." चर्चमध्ये प्रसादाची चकतीही गव्हाचीच असते, म्हणून मी रांगेत जायची नाही. त्यावर ती फाटकाशी उभी राहून चारचौघींना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "देवाचं शरीरसुद्धा हिला पचत नाही."

दर सणाला सगळं कुटुंब तिच्या घरी जेवायचं. सगळ्यांना सारण भरलेली राविओली, सगळ्यांना भाजी भरलेली पाई, शेवटी बदामाची बिस्किटं. माझ्यापुढे पांढऱ्या भाताची ताटली. त्यावर तेलाचे तीन थेंब. मी मोजत असे. तीनच. "तुझं काय बाई, सोपं आहे," ती म्हणायची, "तुझ्यासाठी काही करावंच लागत नाही."

भाताचं मी विसरले असते. जे विसरले नाही ते वेगळं.

१९८४ च्या मे महिन्यात, एका रविवारी, लोरेदानाचं पहिलं कम्युनियन होतं, चर्चमधली ती चकती पहिल्यांदा घ्यायचा समारंभ. ती आठ वर्षांची. ओत्तावियाला मूलबाळ नव्हतं आणि लोरेदानावर तिचा भारी जीव, त्यामुळे पांढरा ड्रेस कसा असावा यावरून आमचं शुक्रवारी कडाक्याचं वाजलं. तिला झालरीवाला लांब झगा हवा होता, मला साधा. शेवटी तिचाच आला. शनिवारी तिने समेट म्हणून सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि म्हणाली, "तुझ्यासाठी मुद्दाम फारिनाता केलीय. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. आता तरी खाशील ना?"

फारिनाता मी जन्मभर खात आले. तांब्याच्या मोठ्या तबकात, भट्टीत भाजलेली, बोटाएवढीही जाड नसते. तिचा तुकडा टोकाला धरून उचलला की मोडतो. त्या दिवशी माझा तुकडा मोडला नाही, वाकला. मी ते पाहिलं. आणि ताटावर बसलेली पंधरा माणसं, कालचं भांडण, दारियोचा विनवणीचा चेहरा, हे सगळं पाहून मी तो खाल्ला. दोन तुकडे खाल्ले.

रविवारी माझी मुलगी वेदीपाशी गेली तेव्हा मी सेस्त्रीच्या इस्पितळात सलाइन लावून पडले होते. समारंभाच्या फोटोत झालरीच्या झग्यातली लोरेदाना आहे आणि तिचा हात धरून ओत्ताविया उभी आहे. निळी टोपी, मोत्यांची माळ. जो तो विचारायचा, आई कुठे? ओत्ताविया सांगायची, "ड्रेसवरून रुसलीय. पोट दुखतंय म्हणे." आठ वर्षांच्या पोरीने ते ऐकलं आणि मनात ठेवलं. मोठी झाली, नोकरीला लागली, तरी आमच्यात काही बिनसलं की म्हणायची, "तू माझ्या कम्युनियनलासुद्धा आली नव्हतीस."

खरं मला कळलं १९९६ साली, दारियोच्या दफनाच्या दिवशी. जेरोलामो थोडी घेऊन आला होता, रडत होता, आणि बोलून गेला, "त्या फारिनातात तिने गव्हाच्या पिठाच्या दोनच मुठी घातल्या होत्या गं. वाईट मनाने नाही घातल्या." मग घाबरून माझे हात धरले, म्हणाला, मी सांगितलं असं म्हणू नकोस. मी त्याच संध्याकाळी लोरेदानाला सांगितलं. ती वीस वर्षांची होती. म्हणाली, "आई, बाबांच्या दफनाच्या दिवशीही?"

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. ते वाक्य ओत्तावियाच्या तोंडून, माझ्या मुलीच्या कानावर पडायला हवं होतं. माझ्या तोंडून त्याला किंमत नव्हती.

तर जानेवारी २०११. चार दिवसांनी ओत्तावियाचा फोन आला.

"इरीदे, तुला कळलंच असेल."

"कळलं."

"सगळं गेलं गं. पास्ता गेला, सकाळी दूधकॉफीत बुडवायची फोकाच्चा गेली. आणि मे महिन्यात बोटीवर जायचंय, सात दिवस, तिकिटं काढून झालीत. तिथे मी काय खाऊ? तुला यातलं सगळं माहीत आहे. तूही येतेच आहेस. तेवढं बघ ना."

"बघते," मी म्हटलं. "रविवारी येते."

फोन ठेवला आणि खाली जाऊन एक किलो गव्हाचं पीठ विकत आणलं. तेहतीस वर्षांनी पहिल्यांदा. घरात ठेवायची सोय नव्हती, म्हणून दोन पिशव्यांत बांधून गॅलरीत कुंडीमागे ठेवलं. कशासाठी आणलं हे मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. रोज सकाळी फुलांना पाणी घालताना मी त्याच्याकडे बघत असे.

रविवारी गेले तेव्हा तिचं स्वयंपाकघर आधी साफ केलं. पास्त्याची चाळणी टाकायला लावली, कारण तिच्या भोकांतलं पीठ कधी जात नाही. लाकडी पळ्या टाकल्या, पाटावरची लाटणी टाकली. ती प्रत्येक वस्तू उचलून छातीशी धरायची आणि कुरकुरायची. ही आईची, ही लग्नातली. ऐकता ऐकता मला सुचलं.

आमच्या जेनोव्हात कुरकुरीला मुगुन्यो म्हणतात आणि तो आमचा हक्क मानतात. जुन्या काळी गलबतावर खलाशी भरताना दोन तऱ्हेचे करार असायचे म्हणे. जास्त पगार, पण कुरकुर करायची नाही. किंवा कमी पगार, पण कुरकुर करायची मुभा. जेनोव्हाचे खलाशी कमी पगार घ्यायचे.

"ओत्ताविया," मी म्हटलं, "मी बोटीच्या कंपनीला पत्र लिहीन, डॉक्टरांचा दाखला पाठवीन, वेगळं भांडं, वेगळं तेल, वेगळी चूल, सगळं ठरवीन. रोज तुझी थाळी मी बघीन. पण विना मुगुन्यो. जेवणाबद्दल एक अक्षर काढायचं नाही."

"मी कधी कुरकुर करते?" ती म्हणाली.

जेरोलामो खिडकीशी पेपर वाचत होता. तो बंदरात चाळीस वर्षं टगबोटीवर कप्तान होता. हसताना त्याचा चष्मा पडला. "लिहून घे इरीदे," तो म्हणाला, "लिहून घे, नाहीतर पहिल्या सूपलाच फिरेल."

"तूच लिही मग. आणि हेही लिही. करार मोडला तर मी एक प्रश्न विचारीन, आणि तिने त्याचं खरं उत्तर टेबलावर बसलेल्या सगळ्यांसमोर द्यायचं."

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं होतं आणि मागे लिहायला घेतलं होतं. माझं शेवटचं वाक्य ऐकून त्याचं पेन थांबलं. माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून त्याने ते लिहिलं.

"कसला प्रश्न?" ओत्तावियाने विचारलं.

"तू कुरकुर करतच नाहीस ना? मग कशाला विचारतेस?"

तिने सही केली. ओत्ताविया मूर्ख नव्हती. प्रश्न काय असणार हे तिला कळलं होतं, म्हणूनच तर तिने सही केली, की बघते कोण मोडतं. आम्ही दोघी एकमेकींना फार चांगलं ओळखत होतो.

मी कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिसरं पत्र एकाच दिवसाबद्दल होतं, सहाव्या. त्याचं उत्तर यायला महिना लागला. उत्तर होकाराचं होतं.

बोट आमच्याच बंदरातून सुटली. टेबलावर आम्ही चौघं होतो. ओत्ताविया, जेरोलामो, लोरेदाना आणि मी. पहिल्याच संध्याकाळी जेवणानंतर आमच्या दालनाचा मुख्य वाढपी आला. रोदेल नावाचा फिलिपिनो गृहस्थ, पन्नाशीचा, केस चापून बसवलेले. त्याच्या हातात दुसऱ्या दिवशीचा मेन्यू होता. ज्यांना पथ्य असतं त्यांनी आज रात्रीच उद्याचं सांगून ठेवायचं, म्हणजे आचारी सकाळी इतर कुणाचं पीठ उडायच्या आत त्यांचं शिजवून घेतो, अशी तिथली रीत.

"दोघी सिन्योरांसाठी," रोदेल म्हणाला. "उद्या बिनगव्हाची लाझान्या आहे. पेस्टो घातलेला पास्ता आहे, मक्याचा. गोडात तिरामिसू, तेही चालेल असं केलेलं."

"मला लाझान्या आणि तिरामिसू," मी म्हटलं. "माझ्या नणंदेला पांढरा भात. वर तेल."

त्याने लिहायला घेतलं आणि थांबला. "भाताबरोबर, सिन्योरा?"

"काही नाही. तिचं आतडं अजून नाजूक आहे. आणि रोदेल, तेल तीन थेंब."

ओत्तावियाने मान वर केली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं, मग मिटलं, आणि रुमालाने ओठ टिपले.

दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे ती ताटली आली तेव्हा मी लाझान्याचा पहिला घास घेऊन म्हटलं, "तुझं काय बाई, सोपं आहे."

तिने सगळा भात खाल्ला. एकही शीत ठेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी भात आणि उकडलेला बटाटा. चौथ्या दिवशी उकडलेला मासा आणि भात. दुपारी चार वाजता वरच्या डेकवर चहाबरोबर मिठाईचं तबक फिरायचं, त्यात आमच्यासाठी वेगळी झाकलेली थाळी असायची. बदामाची बिस्किटं, लिंबाचा केक, चॉकलेटात बुडवलेली संत्र्याची साल. मी एक एक उचलायची, सावकाश चावायची. तिच्याकडे थाळी गेली की मी हळूच म्हणायची, "तिला नको. अजून सहा महिने तरी नको."

आणि ओत्ताविया गप्प. मी तिला ओळखते असं म्हटलं ना, पण ही जिद्द मला माहीत नव्हती. जेवणाची कुरकुर अडकल्यामुळे तिच्या बाकीच्या कुरकुरीला पूर आला. उशी कडक होती. लिफ्ट हळू होती. नेपल्सची माणसं मोठ्याने बोलत होती. माल्टात फार ऊन होतं, पालेर्मोत फार पायऱ्या होत्या, आणि बोटीच्या कप्तानाला दाढी शोभत नव्हती. जेरोलामोने एकदा तिच्या वतीने प्रयत्न केला.

"इरीदे, हा भात जरा अळणी आहे असं नाही वाटत?"

"हे ती म्हणते की तू म्हणतोस?"

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने टेबलाखालून त्याला लाथ मारली असावी, कारण तो दचकून म्हणाला, "मी म्हणतो."

"तुला कोण देतंय भात? तुझी राविओली खा."

पाचव्या दिवशी सकाळी लोरेदानाने मला डेकवर गाठलं. ती तेव्हा पस्तिशीची होती, नाकीडोळी दारियोसारखी, रागावली की त्याच्यासारखीच हळू बोलायची.

"आई, मी रोदेलला विचारलं. आत्याला सगळं चालतं. तू मुद्दाम तिला भात घालतेस."

"हो."

"ती त्र्याहत्तर वर्षांची आहे."

"मी चाळीस वर्षांची होते."

"परत तेच?"

"परत तेच."

तिने कठडा धरला. "आत्या एका शब्दानेही बोलली नाही, तुला माहितेय? मी विचारलं तरी नाही. म्हणाली, तुझी आई माझी काळजी घेतेय. आता सांग, या दोघींमधली रुसणारी बाई कोण?"

ती गेली. मी तिथेच बसले. सत्तावीस वर्षं मी जे पुसायला बघत होते तेच मी पाच दिवसांत पक्कं करून ठेवलं होतं. ओत्ताविया भात खाऊन खाऊन संत झाली होती आणि मी होते तीच राहिले होते, ड्रेसवरून रुसलेली बाई. एक दिवस उरला होता. आणि त्या दिवसाची तयारी माझी मार्चपासून झालेली होती.

ती तयारी सांगते. तिसऱ्या पत्रात मी विचारलं होतं की लग्नाच्या वाढदिवसाला आमच्या टेबलासाठी फारिनाता करता येईल का. तांब्याचं तबक मी माझं आणीन, गव्हाचा वारा न लागलेलं. हरभऱ्याचं पीठ मोहोरबंद आणीन. भट्टी सकाळी पहिल्यांदा तापेल तेव्हा ते भाजावं, मग झाकून ठेवावं. निघायच्या आदल्या दिवशी मी ते पीठ मापून डब्यात भरत होते आणि गॅलरीचं दार उघडं होतं. कुंडीमागची पिशवी दिसत होती. रबरी हातमोजे माझ्या हातात होतेच. दोन मुठी. तेवढंच तर लागतं. तिची वाढदिवसाची रात्र न्हाणीघरात जाईल आणि दुसऱ्या दिवशीच्या फोटोत तिच्या जागी मी उभी राहीन.

मी बाहेर गेले, पिशवी उचलली, वजन हातात तोललं. मग परत ठेवली. दया आली म्हणून ठेवली नाही. तसं केलं असतं तर मलाही जन्मभर गप्प बसावं लागलं असतं, तिच्यासारखं. आणि मला तर नेमकं उलट हवं होतं, मला ते बोललं जायला हवं होतं. मी डब्याचं झाकण लावलं आणि मोहोर केली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी टेबलावर पांढरी फुलं होती. जेरोलामोने नवा टाय बांधला होता. ओत्तावियाने मोत्यांची माळ घातली होती, तीच, फोटोतली. रोदेल माझं तबक दोन्ही हातांनी धरून आला. मधोमध ठेवलं, झाकण काढलं. कडा करपलेल्या, मध्ये सोनेरी, वर मिरीची भुकटी.

"सिन्योरा इरीदेंकडून," रोदेल म्हणाला, "दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून." आणि त्याने पहिला तुकडा ओत्तावियाच्या ताटात ठेवला.

खरं सांगते, मी फक्त तिच्याकडे बघत होते.

तिने वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पाच दिवसांनी पहिला चवीचा पदार्थ समोर आला होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मग तबकाकडे. पुन्हा माझ्याकडे. आणि तिने काटा खाली ठेवला, तुकडा दोन बोटांनी टोकाला धरला आणि ताटापासून वीतभर वर उचलून डोळ्यांसमोर धरला.

"आत्या, काय बघतेस?" लोरेदानाने विचारलं.

"वाकतेय का बघते."

"वाकली तर?"

"वाकली तर आत गव्हाचं पीठ आहे. नुसत्या हरभऱ्याची मोडते." हे ती तंद्रीत बोलली, स्वयंपाक शिकवताना बोलावं तसं.

लोरेदाना हसत होती. हसणं हळूहळू थांबलं. "हे तुला कसं माहीत? फारिनातात गहू घालतं कोण?"

ओत्तावियाने तो तुकडा ताटात टाकला आणि ताट ढकललं. "मी नाही खाणार. हिचा काय भरवसा? पाच दिवस मला कैद्यासारखा भात घातला, तीन थेंब तेलाचा, आणि आज एकदम मेजवानी? काय घातलं असेल यात, मला नको असलं."

जेरोलामोने रुमाल घडी करून ठेवला, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि कॅलेंडरचं ते पान काढून टेबलावर पसरलं. सहा दिवस तो ते खिशात घेऊन फिरत होता.

"ही कुरकुर झाली," तो म्हणाला. "करार मोडला, ओत्ताविया."

"जेरोलामो."

"मोडला. मी साक्षीदार आहे. मलाही हे पोटात ठेवून सत्तावीस वर्षं झाली." मग माझ्याकडे वळला. "विचार, इरीदे."

किती वर्षं मी हा प्रश्न घोळवला होता, भांडी घासताना, बसमध्ये, दारियोच्या कबरीशी बसून. लांबलचक होता, त्यात सगळं होतं. प्रत्यक्षात एवढंच आलं.

"लोरेदानाच्या कम्युनियनच्या आदल्या दिवशी. फारिनातात किती घातलंस?"

ओत्ताविया फुलांकडे बघत होती. "दोन मुठी."

"कशाच्या?" हे मी विचारलं नाही. लोरेदानाने विचारलं.

"गव्हाच्या पिठाच्या. मला वाटलं, तिला कळणारच नाही, आणि रविवारी ठणठणीत उठली की मी सगळ्यांना सांगेन, बघा, काही होत नाही हिला, सगळी नाटकं."

"आणि ती उठली नाही तेव्हा?"

"तेव्हा ड्रेसचं सांगितलं." ती थांबली. "मी घाबरले होते गं. चर्चमध्ये सगळे विचारत होते. काहीतरी सांगायलाच हवं होतं."

"मला सांगितलंस," लोरेदाना म्हणाली. "मी आठ वर्षांची होते. मला सांगितलंस, आईला तुझा ड्रेस आवडला नाही."

ओत्तावियाने मान हलवली. तिच्या गळ्यातली माळ एका बाजूला सरकली होती आणि ती नीट करायचं तिला सुचलं नाही. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं. जे वाटलं ते लिहिते आहे.

लोरेदानाने आत्याच्या ताटातला तुकडा उचलला. टोकाला धरला, वर नेला. तो मध्यावर कट्कन मोडला आणि अर्धा फुलांमध्ये पडला. उरलेला तिने तोंडात टाकला, चावला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मीठ बरोबर आहे, आई." मग उठून बाहेर गेली.

ओत्तावियाने तबक पुढे ओढलं. एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. रडत रडत खात होती. रोदेल उद्याचा मेन्यू घेऊन आला आणि जरा लांबच उभा राहिला. मी त्याला हाताने बोलावलं.

"उद्या माझ्या नणंदेला लाझान्या," मी म्हटलं. "तिरामिसू. चहाबरोबर बिस्किटं, सगळ्या तऱ्हेची."

"आणि भात?"

"भात नको."

दुसऱ्या दिवशी ती लाझान्या खाऊन म्हणाली, फार खारट आहे, वरचं चीज रबरासारखं आहे, आणि एवढ्या मोठ्या बोटीला धड पांढरा सॉस जमत नाही. मी ऐकत राहिले. करार संपला होता, आता तो तिचा हक्क होता.

त्यानंतरच्या सकाळी आमची बोट जेनोव्हाला लागली. बॅगांची वाट बघत आम्ही धक्क्यावर बसलो होतो, तेव्हा लोरेदाना माझ्या शेजारी येऊन बसली. तिने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग विचारलं, "आई, त्या दिवशी तू काय घालणार होतीस?"

"राखी सूट," मी म्हटलं. "शिवला होता मीच. कॉलरला पांढरी पट्टी."

"कुठे आहे तो?"

"कपाटात. कधी घातला नाही."

जेरोलामो २०१५ मध्ये गेला, झोपेत, कुणाला त्रास न देता. ते कॅलेंडरचं पान त्याच्या पाकिटात सापडलं आणि ओत्तावियाने ते मला परत दिलं. रोदेल आमच्या प्रवासानंतर दोन वर्षांनी दुसऱ्या बोटीवर गेला. जाण्याआधी त्याने पत्र पाठवलं की तुमची फारिनाता आमचा आचारी आता दर गुरुवारी करतो, पथ्याच्या सगळ्या टेबलांसाठी, पण त्याच्या हातची कधी कधी वाकते, ते का? मी उत्तरात लिहिलं, पिठाची पिशवी बघा.

ओत्ताविया ब्याऐंशीव्या वर्षी गेली. शेवटची चार वर्षं तिच्यासाठी बाजारहाट मीच करत होते, कारण डब्यांवरची अक्षरं तिला दिसत नव्हती. तिने माफी मागितली नाही आणि मी माफ केलं असं कुणाला सांगितलेलं नाही. दर रविवारी ती माझ्या हातची फारिनाता खायची. आधी तुकडा उचलून बघायची, मगच खायची. मी उचलू दिलं.

गॅलरीतल्या पिठात त्या उन्हाळ्यात किडे झाले आणि मी ते कचऱ्यात टाकलं.

लोरेदाना आता एकोणपन्नाशीला आली. दोन वर्षांपूर्वी तिने लग्न केलं, उशिरा, नगरपालिकेच्या कार्यालयात, साधं. माझा राखी सूट तिने स्वतः ड्रायक्लीन करून आणला. कमरेला चार बोटं सोडावी लागली, तेव्हा मला बसला. त्या दिवसाच्या फोटोत माझा हात तिच्या हातात आहे, आणि तो फोटो तिच्या घरात जुन्या फोटोच्या जागी लावलेला आहे. जुना तिने फाडला नाही. खणात ठेवलाय, आणि मी तिच्या घरी गेले की कधी कधी तो काढून बघते. निळी टोपी, मोत्यांची माळ.